मोरोक्कोतल्या फेझहून: वर्का जमली

प्रिय मित्रा,

पत्राला फार उशीर झाला, पण आज सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल माझ्या हातून एक अख्खी वर्का निघाली, न फाटता!

वर्का म्हणजे पान. कागदासारखा पातळ पापुद्रा. मोरोक्कोत वर्का, अल्जेरियात दिऊल, ट्युनिशियात मल्सूका. मला वाटलं होतं, लाटत असतील. छे! शेजारच्या लल्ला (इथे मानाने बाईला असंच म्हणतात) मैदा, मीठ आणि पाणी एवढंच घेतात, आणि परातीत आपटून आपटून पीठ इतकं सैल नि चिवट करतात की उचललं तर हातातून लोंबतं. मग ते काही तास मुरतं.

कोळशावर कल्हईचं तांब्याचं ताट पालथं. मुठीत गोळा, तो सारखा खेळता ठेवायचा, नाहीतर बोटांतून ओघळतो. ताटाला नुसता टेकवायचा आणि झटकन उचलायचा. चर्र! मागे वाटीच्या बुडाएवढा ठिपका उरतो. त्याला चिकटून दुसरा, तिसरा, ताट भरेपर्यंत. कडा सुटल्या की नखाने धरून अलगद सोलायचं, तेलाचा हात फिरवून फडक्याखाली ठेवायचं.

काकूंचे मांडे डोळ्यांपुढे आले रे. तेच पालथं खापर, तीच धग. पण काकू मांडा हातांवर फिरवून वाढवतात. इथे हात पीठ पसरतच नाही. माझ्या पहिल्या आठ-दहा वर्कांच्या चिंध्या झाल्या. लल्लांनी काही न बोलता ओल्या फडक्याने ताट पुसलं. फार तापलं होतं, पीठ धरतच नव्हतं.

याच पानांत ‘बस्तीला’ नावाचा भरलेला पदार्थ बांधतात: कबुतराचं मांस, अंडी, बदाम, वर दालचिनी आणि पिठीसाखर. ट्युनिशियात ब्रिक करतात, आत कच्चं अंडं फोडून लगेच तळायचं. बलक वाहता राहिला पाहिजे. मला सगळ्यांत आवडली ती म्हन्शा, बदामाचं सारण भरून सापासारखी वेटोळी घातलेली.

हल्ली बरेच जण विकतचा फिलो (पिठाचा तसाच पातळ, तयार पापुद्रा) वापरतात. मला ते पटत नाही. फिलो कच्चा असतो, वर्का ताटावरच शिजलेली, म्हणून तिचा कुरकुरीतपणा वेगळाच.

दिवाळीत येतोय. काकूंना सांग, खापर माळ्यावरून काढून ठेवा, मला त्यावर एकदा करून बघायचंय.

तुझाच