चि. अमेयला, इग्लूलिकला (उत्तर कॅनडा)

ओटावा, 27 नोव्हेंबर

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "शाळा सुटली की घरी येतो, कडी लावतो आणि झोपतो." रात्रभर ती कडीच डोक्यात होती. त्यावर काही लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून आधी कामाचं.

दोन-तीन दिवसांत तुमच्याकडचा सूर्य जाईल तो जानेवारीच्या मध्यालाच उगवेल. पण अगदी मिट्ट काळोख नसतो, दुपारी थोडा वेळ संधिप्रकाश असतो. तेवढ्यात अर्धा तास का होईना, बाहेर चालून ये. उणे 30 असताना ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला, तर अंगाला ते उणे 46 लागतं आणि उघडी कातडी दहा मिनिटांत गोठू शकते. अंगालगत सुती कपडा घालू नकोस, तो घाम धरून ठेवतो आणि मग त्याच घामानं माणूस गारठतो. आत लोकर, वर पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट. सुट्ट्या बोटांचे हातमोजे नकोत, चारही बोटं एकाच कप्प्यात राहतात ते मिट्स घाल; बोटं एकमेकांना ऊब देतात. आणि ते दोरीनं गळ्यात अडकव, वारा एका झटक्यात नेतो. तू लहान असताना, आपण उत्तरेत इकलुइटला होतो तेव्हा, तुझ्या मिट्सना मी माझ्या परकराची लाल नाडी लावली होती. तू ती चघळत घरी यायचास आणि दारात पोचेपर्यंत ती गोठून काडीसारखी ताठ झालेली असायची.

गालावर पांढरा, बधिर डाग दिसला तर चोळू नकोस. उघडा तळवा त्यावर नुसता दाबून धर आणि आत जा.

पाण्याचं लक्षात ठेव. बऱ्याच घरांत सांडपाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद पडतो. मग टाकीत चांगलं पाणी असूनही नळ कोरडा. बर्फाच्या वादळात टँकर फिरत नाहीत, म्हणून अंदाज आला की दोन बादल्या भरून ठेव. वादळ ओसरल्यावर पहिलं काम म्हणजे घर तापवणाऱ्या फर्नेसच्या धुराड्याचं तोंड बघायचं. ते बर्फानं बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळत नाही, आणि आतून कडी असली तर बाहेरच्यांनाही कळत नाही. बघ, आलेच पुन्हा तिथं. अलार्मचं बटण आजच दाबून बघ.

तिथं भेटायला येणारा दार वाजवत नाही रे. सरळ आत येतो, चहा घेतो, कधी काही न बोलता बसतो आणि जातो. तो रागावलेला नसतो. वर्गात मुलं उत्तर देत नाहीत म्हणालास ना? भुवया उंचावल्या म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही. ती उत्तरं देत असतील, तू ऐकायची वाट बघत असशील.

कोणी जेवायला बोलावलं तर जा. जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेलं कॅरिबूचं, म्हणजे तिकडच्या रेनडिअरचं मांस नाहीतर 'आर्क्टिक चार' नावाचा मासा उलूनं, म्हणजे अर्धगोल पात्याच्या सुरीनं, कापून खातात. थोडं घे, नाही जमलं तर तसं सांग. मक्ताक मिळालं तर खाच. व्हेलच्या त्या कातडीत क जीवनसत्त्व असतं, आणि विमानानं येणाऱ्या भाजीचे भाव तू बघतोच आहेस. समुद्राच्या बर्फावर मात्र एकटा जायचं नाही. गावातलं वडीलधारं माणूस 'आज नको' म्हणालं, की नको.

किती सांगतेय! अठ्ठावीस वर्षांचा आहेस तू, माफ कर. तू तिथं गणित शिकवतोस हे मी मंडळात सगळ्यांना सांगत सुटलेय. पण दादामामाही त्या हिवाळ्यात "जरा पडतो" एवढंच म्हणायचा. म्हणून कडी नको रे.

सूर्य परततो तेव्हा तुमच्या गावात उत्सव असतो. पूर्वी सगळे कुल्लिक, म्हणजे सीलच्या तेलाचे दिवे, विझवून एकाच ज्योतीवरून पुन्हा लावायचे. आपली संक्रांतही तेव्हाच. हवा बिघडली की विमानं खोळंबतात, म्हणून तिळाचे लाडू आजच पोस्टात टाकलेत. चाळीस आहेत. वर्गात वाट, शेजारच्या आजींना नेऊन दे. एकट्याला ते संपायचे नाहीत.

तुझी,
आई