३ मेची रात्र

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा ताईच्या हळदीवरून फोनवर वाजलं, ते डोक्यातून जात नाही. आत्या विधवा, तिने हळद लावलेली लोकांना चालत नाही, म्हणालास. असेलही. पण पुढे म्हणालास, “चांगलं-वाईट शेवटी लोकांच्या मानण्यावरच असतं,” त्याची मला भीती वाटते.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड घे. तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. मग ३ मेच्या रात्री कुणा बाईच्या बांगड्या फोडणं बरोबर होतं? तुझ्या हिशेबाने होतं. तू म्हणशील, आजच्या नजरेने कालचंही चूकच. पण आजचीच नजर का? उद्या गावाने ठराव फिरवला तर? आजच्या नजरेला त्या बाईचं दुःख दिसतं म्हणून ती बरी, असं म्हणालास, तर चूक ठरली ती दुःखामुळे. नजरेचं काम फक्त ते बघण्याचं.

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. गावातल्या सवर्णांनी नंतर पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. गावाच्या मतावर खरं-खोटं ठरत असेल, तर त्या दिवशी चूक बाबासाहेबांची ठरते. हे तुझ्या तोंडून निघेल का? मला मात्र तू कुठल्याशा गर्दीत मान डोलावताना दिसतोस.

भाषण झालं, माफ कर. तुझ्या बोलण्यात तथ्यही आहे. वाटण्याला किंमत असते, पण कुणाच्या, ते पाहावं लागतं. आत्यालाच पुढे यायचं नसेल, तर तिला ओढून आणणंही चूक. जिच्यावर बेततं तिचं वाटणं हिशेबात धरायचं. बघणाऱ्यांच्या पसंतीची गोष्ट वेगळी. तू दोन्ही एकत्र करतोस आणि तिथेच घोळ होतो.

पाचवीत होतास. आत्याच्या मनगटात रुतलेली काच पाहून दिवसभर जेवला नाहीस. तेव्हा सगळं घर ‘रीतच आहे’ म्हणत होतं. यातून काही सिद्ध होत नाही, भावना चुकतातही. पण त्या पोराचा मला अजून अभिमान आहे, आणि तो गर्दीत हरवेल याची धास्तीही. पुन्हा तेच लिहितोय.

ताईशी मी बोलतो. तू आत्याला फोन कर आणि हळद लावायची आहे का, ते तिलाच विचार. दोननंतर कर, त्याआधी दुकानात गिऱ्हाईक असतं.

— बाबा