ब्रेकमधील हवा काढून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

मागील पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरून आमची जुनी जिप्सी माणगावच्या अलीकडे आपल्या दारात आली, तेव्हा तिचे ब्रेक पेडल पहिल्या दाबाला जवळजवळ तळाशी जात होते आणि दोन-तीनदा मारल्यावर कसेबसे वर येत होते. घाट मी लो गिअरमध्ये, इंजिनाच्या भरवशावर उतरलो होतो. त्यात शहाणपण किती आणि नाइलाज किती, हे आपण माझ्या चेहऱ्यावरून ओळखलेच असेल.

महिनाभरापूर्वी शहरातील एका गॅरेजात पुढचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कला ब्रेक आवळणारे भाग, नवे बसवले होते. त्यानंतर तेथे दोनदा आणि घरी मी स्वतः एकदा ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढली, तरी पेडल स्पंजासारखेच राहिले. आता पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडरच बदलावा लागणार, असे मी धरून चाललो होतो. आपण मात्र पुढचे चाक उतरवून बॅटरीच्या उजेडात नुसते पाहिले आणि हवा काढायच्या निपलवर बोट ठेवून मलाच विचारले, "हवा वर जाते की खाली?" डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसल्यामुळे निपल तळाशी आले होते, ते कितीही वेळा उघडले असते तरी ऑइल वाहून गेले असते आणि हवा वरच्या कोपऱ्यात तशीच बसून राहिली असती.

कॅलिपर जागच्या जागी आल्यावर आपण मला पेडलवर बसवले. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी आणि पुढचे उजवे शेवटी. "मार", "धर", आणि निपल आवळल्याखेरीज "सोड" नाही, कारण निपल उघडे असताना पाय उचलला तर आट्यांतून हवा पुन्हा आत ओढली जाते. पुढच्या उजव्या चाकाला पारदर्शक नळीतून बोटभर लांबीची पोकळी सरकत बाटलीत गेली आणि पुढच्याच दाबाला पेडल पायाखाली दगडासारखे लागले.

जुने ऑइल काढ्यासारखे काळपट झाले होते, म्हणून आपण ते सगळेच बदललेत. ब्रेक ऑइल उकळले की वाफेने पेडल पुन्हा पोकळ लागते. डॉट ४ दर्जाचे ऑइल कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, साधारण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि आमची गाडी तर ओढ्यांतून जाऊन घाटात तापणारी. हा खर्च मी एरवी टाळला असता, हे कबूल करतो.

मडगार्डवर सांडलेल्या ऑइलवर आपल्या हाताखालच्या मुलाने लगेच पाणी ओतले नसते, तर तेथला रंगही गेला असता. त्यालाही माझे आभार कळवावेत. आपली ती नळी आणि बाटली गडबडीत माझ्याच गाडीत राहिली आहे; दिवाळीनंतर कोकणात उतरेन, तेव्हा आणून देईन.

आपला कृतज्ञ,
जिप्सीवाला