बाउंडर हे घराचं नाव, गाडीचं नव्हे

डेट्रॉइट, १२ मे

प्रिय विन्या,

पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या पोरावर चिडू नकोस. तू "१९९७ ची बाउंडर, पुढचे ब्रेक पॅड" असं मागितलंस आणि त्याच्या कॉम्प्युटरने हात वर केले, हे व्हायचंच होतं. आपली लाल एसटी आठव. बॉडी दापोडीच्या वर्कशॉपात बांधलेली, पण चासी (इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा) टाटाची नाहीतर लेलँडची. क्लचप्लेट आणायला गेलेला माणूस "दापोडीची क्लचप्लेट द्या" म्हणत नाही. तुझ्या मोटरहोमचंही, म्हणजे चाकांवरच्या घराचंही, तेच. फ्लीटवुड कंपनीने वर बाउंडर नावाचं घर बांधलं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एक्सल हे सगळं आलं चासीवाल्याकडून. आणि गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात हीच बाउंडर शेवरले पी-३० वरही यायची आणि फोर्ड एफ-५३ वरही. बाहेरून पट्ट्यांचा रंगसुद्धा सारखाच. त्यामुळे शेजारच्या साइटवरच्या बाउंडरवाल्याने कुठले पॅड लावले, हे विचारून उपयोग नाही.

कागद शोधण्याआधी पुढच्या चाकामागे वाकून बघ. आडवा लोखंडी बीम आणि त्याला जोडलेले कमानपाटे दिसले, तर फोर्ड. प्रत्येक चाकाला वेगळे आर्म, मध्ये जाड कॉइल स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगच्या पोटात रबरी हवेची पिशवी असेल, तर पी-३०. ही पिशवी फाटली की गाडी नाक टाकते आणि लोक उगाच नवीन शॉकअप घेत बसतात. वर्कहॉर्स या दुसऱ्या चासी कंपनीच्या डब्ल्यू मालिकेलाही पुढे पाटेच आहेत, पण ती तुझ्या गाडीनंतरची.

वाकून बघायचं म्हणजे खाली शिरायचं नव्हे. गाडी समपातळीत आणायचे जे हायड्रॉलिक पाय आहेत, त्यांच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नकोस. होज फुटला तर क्षणात बसते. आणि अजून एक, हे नीट लक्षात ठेव. या दोन्ही चासींवर हँडब्रेकचा ड्रम बहुधा मागच्या चाकात नसून गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललंस की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. शाफ्ट काढलास तर ब्रेकच गेला. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय मागे हात घालू नकोस.

आता चासी नंबर, म्हणजे इथल्या भाषेत व्हिन. कारसारखा काचेआड मिळेलच असं नाही. ड्रायव्हरच्या डाव्या हाताची भिंत, सीटचं बूड, डॅशखालचा भाग, पुढचं झाकण, हे सगळं टॉर्च घेऊन बघ. नाहीच मिळाला तर फ्रेमच्या रेलवर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज काढ, खडू घास, अक्षरं उठून दिसतात. शेजारी फ्लीटवुडचा स्वतःचा सीरियल नंबर असलेली वेगळी पट्टी असते. तो नंबर काच, दार, बंपर, कपाटाच्या बिजागऱ्या यांच्यासाठी. ब्रेकच्या दुकानात तो दाखवलास तर परत तेच होणार.

१९८१ पासून इकडे व्हिन १७ अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं येतच नाहीत. गोल दिसलं की शून्य, उभी रेघ दिसली की एक. नववं अक्षर हे बाकीच्यांवरून हिशोबाने काढलेलं असतं, म्हणून नंबर उतरवताना चूक झाली तर अमेरिकन सरकारच्या एनएचटीएसए या खात्याचा फुकट डिकोडर बहुतेक वेळा तिथेच अडवतो.

सुरुवातीची तीन अक्षरं चासीवाला सांगतात: १जीबी शेवरले, १एफसी किंवा ३एफसी फोर्ड (३ म्हणजे मेक्सिकोत बनलेली), ५बी४ वर्कहॉर्स, ४यूझेड फ्रेटलायनर. फोर्ड असेल तर पाचव्या, सहाव्या आणि सातव्या जागी सरळ "एफ५३" लिहिलेलं सापडेल. शेवरले असेल तर पाचव्या-सहाव्या जागी "पी३".

दहावं अक्षर साल: टी म्हणजे १९९६, व्ही १९९७, डब्ल्यू १९९८. मध्ये यू वगळलेलं आहे. तुझ्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, १९९७ आहे ना? दहावं अक्षर टी निघालं तर दचकू नकोस. चासी कारखान्यातून निघून बॉडी बांधणाऱ्याच्या यार्डात महिनोन् महिने उभी राहते, मग तिच्यावर घर चढतं. विक्रीच्या कागदावर घराचं साल, आणि पार्ट मात्र चासीच्या सालाचे. हा एका वर्षाचा फरक सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट घरी आणतो, कारण दुकानदार विचारतो "कितीची?" आणि आपण टायटल बघून सांगतो.

आठवं अक्षर इंजिन. फोर्डमध्ये जी म्हणजे ७.५ लिटरचं जुनं ४६० (घनइंच), एस म्हणजे ६.८ लिटर व्ही-१०. शेवरलेत एन आणि जे ही दोन्ही ७.४ लिटरचीच, म्हणजे ४५४, आणि इथेच लोक फसतात. एन असेल तर वर कार्ब्युरेटरसारखी थ्रॉटल बॉडी आणि तिच्यात दोन इंजेक्टर. जे म्हणजे व्हॉर्टेक: प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आणि इंधनाचा दाब ६० पीएसआयच्या आसपास. "४५४ चा पंप" म्हणून थ्रॉटल बॉडीवाला पंप व्हॉर्टेकला बसवलास तर स्टार्टर गरागरा फिरेल आणि इंजिन धड उचलणार नाही. पंपासाठी टाकी उतरवायची म्हणजे काय काम असतं, ते एकदा करणाऱ्याला विचार.

इतकं कळलं तरी एक्सल आणि ब्रेक कळले असं होत नाही. एकाच एफ-५३ वर वेगवेगळ्या वजनाच्या चासी निघाल्या आणि वजन बदललं की ब्रेकही बदलू शकतात. ड्रायव्हरजवळच्या लेबलवर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे गाडीचं एकूण मंजूर वजन, आणि पुढच्या-मागच्या एक्सलचं वेगवेगळं वजन, पौंडात छापलेलं असतं. तिन्ही आकडे लिहून घे. शेवरले निघाली तर तीन-तीन अक्षरांच्या कोडची एक चिकटपट्टी शोध. त्यात जे७१ दिसलं तर आपोआप लागणारा पार्किंग ब्रेक, एमटी१ दिसलं तर ४एल८०ई गिअरबॉक्स.

पट्टी उडाली असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाच्या तव्याचे बोल्ट मोज: शेवरलेत १३ म्हणजे जुना ४००, १७ म्हणजे ४एल८०ई. फोर्डमध्ये २० म्हणजे ई४ओडी घराण्यातला. फिल्टर-गॅस्केट मागवायला एवढं पुरतं.

मागच्या डिफरन्शियलच्या झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर रेशो, म्हणजे दातांचं प्रमाण. ग्रीसचा थर पुसल्याशिवाय दिसत नाही. पट्टी हरवली असेल आणि तेल बदलायला झाकण उघडणारच असशील, तर क्राउन व्हीलच्या कडेवर दातांची संख्या कोरलेली असते: ३७ आणि ८ म्हणजे ४.६३, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४३ आणि ८ म्हणजे ५.३८. नुसता भागाकार.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचं (सांध्यातला चार टोकांचा तुकडा) आधीच सांगून ठेवतो, कारण तो तुला लागणार. स्पायसरच्या १३५० आणि १४१० या दोन्ही मालिकांच्या कपाचा व्यास एकच, १.१८८ इंच. फरक रुंदीत: १३५० ची ३.६२५ आणि १४१० ची ४.१८८ इंच. १४८० घेतलास तर रुंदी १४१० इतकीच, पण कप १.३७५ चा. म्हणून व्हर्नियरने दोन्ही मापं घ्यायची. एकच माप घेऊन गेलास की हमखास दुसराच क्रॉस हातात पडतो.

बाकी पार्ट्सना जुना पार्ट हातात असणं हे कुठल्याही नंबरापेक्षा खात्रीचं. ब्रेक पॅडच्या पत्र्यावर बऱ्याचदा डी ने सुरू होणारा नंबर ठोकलेला असतो. तो पॅडचा आकार सांगतो, कुठल्याही कंपनीचा असो. शॉकअपची लांबी ताणून आणि दाबून दोन्ही मोज, आणि टोकाला डोळा आहे की खिळा तेही लिही. इंजिनच्या पट्ट्यावर (बेल्टवर) के०६०८०० असं काही असेल तर ६ रिबा (उभ्या धारा), ८० इंच.

पॅड बदलताना होजही बदल, आणि हे मी दुकानदाराच्या भल्यासाठी सांगत नाही. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक होज आतून फुगतो. पाय दाबला की तेल पुढे जातं, पण सोडल्यावर परत येत नाही. चाक तापतं, एक पॅड खाल्ला जातो, आणि आपण कॅलिपरला (पॅड दाबणाऱ्या जबड्याला) शिव्या घालतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजल्या असतील तरी लक्षण तेच. म्हणून चाक तापलेलं असतानाच ब्लीडर (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) सैल कर: चाक सुटलं तर दोष तेलाच्या वाटेत, नाही सुटलं तर पिनांत नाहीतर पिस्टनमध्ये.

वहिनींना म्हणावं, फ्रिज आणि गिझरचा या सगळ्याशी काही संबंध नाही. त्यांच्या दाराआड त्यांची स्वतःची मॉडेल-सीरियलची पट्टी आहे, तिचाच फोटो काढा. चासी नंबरावर फ्रिजची कॉइल मागायला जाऊ नका.

दुकानात यापुढे बाउंडर हा शब्दच काढू नकोस. "१९९६ फोर्ड एफ-५३ मोटरहोम चासी, ७.५ लिटर, एकूण वजन अमुक पौंड" असं सांग, अर्थात तुझ्या गाडीवर जे निघेल ते. त्यांच्याकडच्या यादीत पिकअप एफ-३५० आधी येते. ती निवडू देऊ नकोस, इंजिन तेच असलं तरी टाकी, पंपाची उंची, ब्रेक वेगळे असू शकतात. ट्रकचे पार्ट विकणारं दुकान जवळ असेल तर थेट तिथेच जा.

शनिवारी मला पाच फोटो पाठव: पुढचं चाक आतून, व्हिनची पट्टी, वजनाचं लेबल, डिफरन्शियलवरची पट्टी आणि जुन्या पॅडची मागची बाजू. फोटो काढण्याआधी पुसायला विसरू नकोस, मागच्या वेळी तू मला नुसतं ग्रीस पाठवलं होतंस.

तुझा,
दिल्या