साठीचं घड्याळ

प्रिय बंड्या,

साठीला घ्यायच्या घड्याळांचे तुझे तीन फोटो मिळाले आणि त्यामागून आलेलं "काय ते एका शब्दात सांग" हे फर्मानही मिळालं. एका शब्दात सांगायला मी काय पोपटवाला ज्योतिषी आहे? फोनवर मी मुद्द्यावर यायच्या आत तू "बरं बरं" करून ठेवतोस, म्हणून हे सविस्तर पत्र. चहा घेऊन बस.

आधी तुझ्या पोरांचं कौतुक. बापाच्या साठीला दोघांनी मिळून पाच लाख बाजूला काढायचे आणि वर "बाबा, निवडा तुम्ही, पुढे वापरणार आम्हीच" असं तोंडावर सांगायचं, याला धीर लागतो. आपल्याला दहावीच्या निकालानंतर घड्याळ मिळालं, दुसरं थेट लग्नात सासरहून आलं. दोन्ही वेळा कोणी आपली आवड विचारली होती का? मनगट पुढे करायचं, बस.

आता मुद्दा. तू रोलेक्सची डेटजस्ट, ओमेगाची स्पीडमास्टर आणि जेजर-लकूल्त्रची रिव्हर्सो अशी तीन निवडलीस. तिन्ही उत्तम आहेत, यात वाद नाही. पण तू घड्याळ बनवणाऱ्याकडे बघून निवडतोयस. पुढच्या पिढीला द्यायचं असेल तर ते दुरुस्त कोण करणार, याकडे बघून निवड. आधी घड्याळजी बघ, मग घड्याळ.

दादांचं एचएमटी जनता तुला आठवत असेल, पांढऱ्या तबकडीवर देवनागरीत "जनता" लिहिलेलं. मध्यंतरी ते मागे पडायला लागलं म्हणून लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळातल्या आपल्या घड्याळजीकडे नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, पातळ सुरीने मागचं झाकण उचकटलं आणि माझ्यासमोर उलटं धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या. कुठे तारीख, कुठे नुसतं एक अक्षर, कुठे आकडा आणि त्याखाली रेघ. प्रत्येक वेळी सर्व्हिसिंग करणाऱ्याने आपली खूण तिथे ठेवलेली. त्यातल्या एका तिरक्या "ग"वर नख ठेवून तो म्हणाला, "हे आमच्या वडिलांचं अक्षर." दादा त्याच दुकानात जात हे मला माहीत होतं, पण त्याची अशी पावती मिळेल असं वाटलं नव्हतं.

मग त्याने मशीन बाहेर काढून दाखवलं. एचएमटीने बंगळूरला जपानच्या सिटिझनबरोबर १९६१ साली घड्याळं करायला सुरुवात केली, त्याच घराण्यातलं हे साधं, किल्लीचं मशीन. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. तबकडीवरचे "१७ ज्वेल्स" म्हणजे दागिना नव्हे. चाकांचे आस ज्यात फिरतात ती कृत्रिम माणकाची बारीक भोकं, घर्षण कमी व्हावं म्हणून बसवलेली. तिथलं तेल वर्षानुवर्षांत सुकतं. तरी घड्याळ चालतच राहतं, आणि खरी खोड तीच. कोरडा आस झिजतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दादांच्या घड्याळात तेवढंच झालं होतं. त्याने ड्रॉवरमधून टिनाची जुनी डबी काढली, तीत सुटे केलेले कितीतरी जनता, त्यातलं एक चाक चिमट्याने उचललं आणि बसवलं. कंपनीने घड्याळांचा धंदा २०१६ मध्ये बंद केला, तरी हे घड्याळ सुरू आहे. का? कोट्यवधी एचएमटी निघाली, त्यांचे भाग गल्लोगल्ली पडलेत, आणि हात बसलेली माणसं अजून आहेत म्हणून.

उलट बाजूही ऐक. माझ्या मेहुण्याकडे वडिलांचं जुनं स्विस घड्याळ होतं, तबकडी वयाने मधासारखी पिवळसर झालेली. त्याने भक्तिभावाने ते एका कंपनीच्या अधिकृत सेंटरला दिलं. काही महिन्यांनी परत आलं ते नवी पांढरी तबकडी, नवे काटे, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, आरशासारखं पॉलिश, आणि बिल बघून मेहुणा खुर्चीत बसला. जुनी तबकडी मागितली तर ती परत देत नाही म्हणाले. घड्याळ वेळ अचूक दाखवतं, पण सासऱ्यांचं उरलं फक्त केस, तेही कडा झिजवलेलं. बऱ्याच बड्या स्विस कंपन्या आता सुटे भाग बाहेरच्या कारागिराला विकतच नाहीत. म्हणजे तुझ्या नातवाने पुढे ते घड्याळ चालवायचं की नाही, हे ठरवणार ती कंपनी. वारसा म्हणून द्यायच्या वस्तूला ही अट मला पटत नाही.

बॅटरीचं नकोच. आमची धाकटी म्हणते, तुम्ही म्हातारे उगाच बॅटरीला नावं ठेवता, आणि तिचं निम्मं बरोबर आहे. बॅटरीच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्या अचूकतेच्या जवळपासही किल्लीचं घड्याळ जात नाही. टायटनने २००२ मध्ये एज काढलं, जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचं, आणि ते आपल्या माणसांनी होसूरला बनवलं याचा मला आजही अभिमान आहे. वापरायला खुशाल घे. पण आतला सर्किटचा तुकडा गेला आणि तसा दुसरा मिळेनासा झाला की चिमट्याला धरायलाच काही उरत नाही. स्मार्ट वॉचबद्दल तर बोलूच नको, तो मोबाईलच आहे.

आता तुझी तीन. डेटजस्ट १९४५ पासूनची, दणकट, ३६ मिलिमीटरमध्ये मिळते, तुझ्या लेकीलाही शोभेल. पण ती घालून तू रत्नागिरीच्या मासळी बाजारात जाशील का? नाही. ती लॉकरमध्ये जाईल, वर्षातून एकदा गणपतीला बाहेर येईल आणि आतलं तेल तिथेच थिजेल. स्पीडमास्टरवर तुझं मन का बसलंय ते मी ओळखून आहे. नासाने ती १९६५ मध्ये अंतराळवीरांसाठी पात्र ठरवली, तुझा जन्मही त्याच सालचा, आणि चंद्रावर ऑल्ड्रिनच्या हातात तीच होती. गोष्ट झकास आहे. पण ४२ मिलिमीटरचा तो गडी तुझ्या बारक्या मनगटावर ताटलीसारखा दिसेल, आणि आत क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची यंत्रणा, म्हणजे दुप्पट भाग आणि सर्व्हिसिंगचं बिलही त्याच मापाचं.

रिव्हर्सोने मात्र मलाही मोहात पाडलं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अफसरांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, त्यावर तोडगा म्हणून १९३१ मध्ये केसच उलटी फिरवता येईल असं घड्याळ निघालं. पाठीमागे कोरी पोलादी पाटी, तिच्यावर नाव कोरायला आयती जागा. वारसा द्यायला याहून देखणं काही नाही. पण पाणी त्याला फार धार्जिणं नाही, आणि तू राहतोस कुठे? कोकणात. जूनमध्ये कपाटातल्या चपलेला बुरशी येते तुझ्याकडे. पुण्यात असतास तर हेच घे म्हणालो असतो.

चौथं एक तू फोटो न पाठवता नुसतं बोलून दाखवलंस, १९६५ सालचं जुनं फावर-ल्यूबा ऑनलाइन दिसतंय म्हणून. ते मनातून काढून टाक. ही कंपनी १८६५ पासून मुंबईत होती, आपल्या आजोबांच्या पिढीत तिची घड्याळं खूप खपली, म्हणूनच त्यांचा जुना माल मुबलक आहे आणि त्यावर रंगकाम करणारेही मुबलक. साठ वर्षं जुन्या घड्याळाची तबकडी कोऱ्या करकरीत निळ्या नाहीतर नारिंगी रंगाची दिसली, अक्षरं किंचित तिरकी किंवा जाड दिसली, की समजायचं, परवाच रंगवलेली आहे. आत तीन वेगवेगळ्या घड्याळांचे अवयव. परदेशातले शौकीन अशा मालाला "मुंबई स्पेशल" म्हणतात. मुंबईची बदनामी आहे ही, पण कमावलेली आहे.

मग घ्यायचं काय? माझं मत: ओरिसचं बिग क्राउन पॉइंटर डेट. १९३८ पासूनचं घराणं, तारीख खिडकीत नाही, तबकडीच्या कडेने फिरणाऱ्या एका काट्याने दाखवतात. ३६ किंवा ३८ मिलिमीटरमध्ये घे. दुकानात आवर्जून विचार, आत ७५४ नंबरचं मशीन आहे ना? कारण त्याच मॉडेलमध्ये कंपनीने घरी बनवलेलं ४०३ही बसवलं आहे. त्याची किल्ली एकदा पूर्ण भरली की ते पाच दिवस चालतं, वॉरंटीही लांब, कागदावर दोहोंत तेच सरस. तरी मी ७५४च घेईन. ते सेलिताच्या एसडब्ल्यू २०० या स्विस मशीनवर बेतलेलं आहे, जे कितीतरी ब्रँडांच्या पोटात आहे आणि ज्याचे भाग बाहेर मिळतात. आपल्या घड्याळजीला दाखवलं तर तो झाकण उघडायच्या आधीच चिमटा हातात घेईल.

आणि आता खरी मेख. एक नको, दोन घे. अगदी सारखी. तुला पोरं दोन, घड्याळ एक, तुझ्यामागे काय होईल? सातबाऱ्यावर दोघांची नावं लागतात, मनगटावर लागत नाहीत. आज दोघं एकमेकांसाठी जीव टाकतात, मान्य. पण आपल्या चुलत्यांनी आजीच्या पाटल्यांवरून किती वर्षं अबोला धरला ते तू आणि मी दोघांनी पाहिलंय. दोन घड्याळं पाच लाखांत बसून काही उरतीलही. एक आठवडा हे, एक आठवडा ते, असं आलटून पालटून घाल. दोन्हींवर ओरखडे तुझेच पडले पाहिजेत. पडून राहिलेलं घड्याळ थांबेल, पुन्हा घालताना वेळ लावावी लागेल, तेवढं चालतं रे निवृत्त माणसाला. फक्त रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख पुढे करू नको. तेव्हा आतली चाकं तारीख ढकलायच्या तयारीत एकमेकांत अडकलेली असतात, जोर लावलास तर दात मोडतात.

उरलेल्या पैशांची एफडी कर. हसू नको, तू जन्मभर बँकेत काढलेस, तुला हे पटायला हवं. व्याजातून चार-पाच वर्षांनी दोन्हींचं सर्व्हिसिंग. वारशात घड्याळ मिळतं पण त्याचा खर्चही मिळतो, आणि पहिल्या मोठ्या बिलालाच पोरं ते ड्रॉवरमध्ये टाकून देतात.

चामड्याचा पट्टा घेऊच नको, तुमच्याकडच्या घामात तो एका पावसाळ्यात कुजेल. स्टीलचा घे. मागे काही कोरून घ्यायचं असेल तर तुझं नाव आणि साल, एवढंच. पोरांची नावं घालू नको, सुविचार तर मुळीच नको. बिल, डबी, वॉरंटीचं कार्ड एका पिशवीत, आणि पिशवीत एक छोटी वही. कुठे, कधी, कोणी उघडलं, काय बदललं, आणि बदललेला भाग मागून घेऊन त्याच पिशवीत. मेहुण्याच्या पिवळ्या तबकडीचं दुःख तुझ्या घरी नको.

एक गोष्ट मलाही सलते. आपल्या घड्याळजीचा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो, दुकानात बसणार नाही असं त्याने सांगून टाकलंय. म्हणजे तिरक्या "ग"पासून चाललेली ओळ याच्यापाशी थांबणार. मी त्याला म्हटलं, मग आमचं पुढे काय? तो म्हणाला, कोणी ना कोणी शिकेल, पण सोपं मशीन असेल तरच शिकेल. माझा सगळा सल्ला त्याच्या या वाक्यावर उभा आहे, हे तुला सांगून ठेवतो.

शांतीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याला येऊन जा. दुकानात दोघं मिळून जाऊ आणि घेतल्याबरोबर बोळात नेऊन त्याला दाखवू. दोन्ही एका बिलात घेतलीस तर रक्कम दोन लाखांच्या वर जाईल, तेव्हा पॅन कार्ड आठवणीने आण. आणि वहिनींना आत्ताच सांगून ठेव की दोन घेतोयस, नाहीतर दुसरं मी तुझ्या गळ्यात मारलं असं त्यांना वाटेल.

तुझाच,
बाळू