भात-चिकन म्हणजे कुत्र्याचं पूर्ण जेवण नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कुत्र्याचं पॅकेटचं खाणं बंद करून घरी शिजवलेलं द्या असं सांगणारा लेख आला होता, तो वाचला आणि अर्धा पटला म्हणून हे पत्र लिहितेय. अर्धा अशासाठी की हा उद्योग आम्ही आमच्या चिंगीवर दीड वर्षापूर्वीच करून बसलोय, आणि लेखात "उकडलेलं चिकन, भात, थोडं गाजर, झालं" असं जे एका ओळीत उरकलंय ना, नेमके तिथेच आम्ही आपटलो होतो.

पहिली चूक घाईची. शुक्रवारी पॅकेट बंद, शनिवारी सकाळी एकदम अख्खा वाडगा घरचा. रात्री तीन वेळा फरशी पुसली. नंतर कळलं की ७ ते १० दिवस घ्यायचे, आधी पाव भाग नवीन आणि पाऊण जुनं, मग अर्धं-अर्धं, शी पातळ झाली की तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही. हे तसं बहुतेकांना माहीत असतं, मलाच नव्हतं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. पोट सेट झाल्यावर चार महिने सगळं मस्त चाललं होतं, वाडगा चाटून पुसून साफ, वाडग्याचा आवाज आला की शेपटीने निम्मं घर झाडून काढायची, आणि मी ज्याला त्याला सांगत सुटले होते की बघा, घरचं ते घरचं. तेवढ्यात तिचे केस रुक्ष झाले, पाठीवर हात फिरवला की कोंडा. डॉक्टरांकडे नेलं, ब्लड टेस्ट केली, रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल, मी खूश. तर डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "हिच्या जेवणात कॅल्शियम येतं कुठून?" मी म्हटलं, "चिकन देतो ना डॉक्टर रोज!"

ते हसले नाहीत. कागद घेतला आणि हिशोब मांडला, तो मला अजून पाठ आहे. १० किलोच्या, पूर्ण वाढलेल्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ६५० कॅलरी लागतात आणि त्यात ७००-८०० मिलिग्रॅम तरी कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये ते असतं जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम, भातात त्याहून जास्त नाही, म्हणजे अख्ख्या वाडग्यात ५०-६० मिलिग्रॅम आलं तरी खूप झालं. उलट मांसात फॉस्फरस भरपूर, आणि या दोघांचं प्रमाण सांभाळावं लागतं, कॅल्शियम निदान फॉस्फरसएवढं तरी हवंच, थोडं जास्त असेल तर उत्तम. आमच्या वाडग्यात ते १५-२० पट उलटं होतं. मग रक्तात नॉर्मल कसं? तर शरीर ते हाडांमधून काढून रक्तात आणून देतं, त्यामुळे रिपोर्ट छान दिसतो आणि आतून हाडं पोकळ होत जातात. वाढत्या पिल्लांमध्ये हे काही आठवड्यांत दिसायला लागतं, पाय वाकतात, हाड साध्या उडीत मोडतं, मोठ्या कुत्र्यात महिनोन् महिने कळत नाही. चार महिन्यांतच आम्हाला कळलं हे नशीब.

मग घरी येऊन मी लगेच अंड्याची कवचं धुऊन, भाजून, मिक्सरला लावून बारीक पूड केली. एक चहाचा चमचा पूड म्हणजे जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चिंगीला रोज अर्ध्या चमच्याहूनही कमी पुरतं, आणि मी उत्साहाने पूर्ण चमचा टाकायला निघाले होते! (मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी सांधे-हाडं बिघडतात, त्यामुळे "थोडं जास्तच घालूया" हा आपला स्वभाव इथे चालत नाही.) शिवाय पुडीने फक्त कॅल्शियमचा प्रश्न सुटतो, झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन डी तसेच राहतात. मी म्हटलं, डी कशाला, ही तर दिवसभर उन्हातच पडलेली असते. तर कुत्र्याच्या कातडीत आपल्यासारखं उन्हाने पुरेसं डी तयार होत नाही, ते खाण्यातूनच जावं लागतं. केसांचं कारणही या कमतरतेतच निघालं, बहुतेक झिंक आणि तेलातली फॅट कमी पडली होती.

लेखाच्या लेखकांना हे अति वाटेल कदाचित, पण २०१३ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या व्हेटर्नरी कॉलेजने पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या मिळून २०० घरगुती रेसिपी तपासल्या होत्या आणि त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. आणि आज हे उद्या ते दिलं की आपोआप बॅलन्स होतं असंही नाही, कारण बहुतेक रेसिपींमध्ये कमी पडणाऱ्या गोष्टी त्याच त्याच असतात.

पॅकेटवाल्यांची वकिली मी करत नाहीये. २००७ साली मेलामाइन हे रसायन मिसळलेल्या पॅकेटच्या खाण्याने कितीतरी कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या, तेव्हापासून लोकांचा विश्वास उडाला तर त्यात चूक काय. पण ज्या पॅकेटवर ते संपूर्ण आहार असल्याचं लिहिलेलं असतं त्यात हे सगळं आधीच मोजून घातलेलं असतं, ते बंद केलं की मोजायचं काम आपल्यावर येतं, एवढाच मुद्दा. आम्ही परत पॅकेटवर गेलो नाही. डॉक्टरांकडून चिंगीच्या वजनाचा चार्ट करून घेतला, वजनकाटा आणला, त्यांनी सांगितलेली सप्लिमेंटची पावडर शिजवून गार झाल्यावर मिसळते, लिव्हर अगदी थोडं, कारण त्यात व्हिटॅमिन ए इतकं असतं की रोज भरपूर दिलं तर तेही बाधतं. केसांना दोनेक महिन्यांत चकाकी आली.

आणि एक गोष्ट लेखात राहिलीच, ती कृपया छापा. घरचं म्हणजे आपल्या ताटातलं नव्हे. कांदा-लसूण शिजवलेला असला तरी कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, द्राक्षं-मनुका किडनीवर येतात, शुगर-फ्री गोष्टींतलं झायलिटॉल तर थोडंसुद्धा धोक्याचं. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. ज्या कुत्र्याला किडनीचा किंवा पॅन्क्रियाजचा त्रास आहे त्याचं खाणं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नये.

पुढच्या वेळी पुरवणीत अशी रेसिपी दिलीत तर ती किती किलोच्या कुत्र्याला आहे, प्रत्येक गोष्ट किती ग्रॅम आणि कॅल्शियम कशातून, एवढं सोबत छापावं ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक