बाटलीवरची दोन अक्षरं

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराची मुलगी. मागच्या वर्षी फ्रान्समध्ये, शॅम्पेन ही फसफसणारी वाईन जिथं होते त्या शॅम्पेन भागात जाऊन आले, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

एपेर्ने शहरात एकाच रस्त्यावर बड्या कंपन्यांचे वाडे ओळीनं उभे आहेत. ते पाहिले, पण जीव रमला तो जवळच्या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी. जिन्याखाली तळघर. लाकडी फळ्यांच्या भोकांत बाटल्या मान खाली करून ठेवलेल्या. यीस्टचा गाळ तोंडाशी उतरावा म्हणून तो माणूस रोज प्रत्येक बाटलीला हातानं थोडा पीळ देतो. वाईन बाटलीत भरल्यावर विकण्याआधी कायद्यानं किमान 15 महिने थांबावं लागतं. हा तीन वर्षं थांबतो. त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेला भरला आणि आमच्या बागांबद्दल विचारलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, असं सांगितलं तर तिला नवल वाटलं. त्यांची वेल हिवाळाभर झोपते, छाटणी एकदाच.

तिनं लेबलवरची दोन बारीक अक्षरं दाखवली : आर. एम. म्हणजे ज्यानं द्राक्षं पिकवली, त्यानंच वाईन केली. हे सहज मिळालेलं नाही. बाहेरची स्वस्त द्राक्षं आणून व्यापारी शॅम्पेन विकतात म्हणून 1911 मध्ये तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते, 'आई' (Aÿ) नावाच्या गावात व्यापाऱ्यांच्या पेढ्या जाळल्या होत्या. आज त्याच गावांमधून जाणाऱ्या पर्यटन मार्गाला सरकारी पाट्या आहेत, लहान उत्पादकाच्या दारापर्यंत नेणाऱ्या.

साहेब, फसफसणारी वाईन आपल्याला नवी नाही. नारायणगावात ती 1980 च्या दशकात झाली, आता दिंडोरीतही होते. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे. पण ते मातीचं नाव सांगतं, हाताचं नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या एका लहान वाईनरीला टाळं लागलं. वाईन चांगली होती, गिऱ्हाईक तिथवर पोचलंच नाही. गारपिटीतून बाग वाचवणाऱ्या माणसानं एका पाटीअभावी हरावं, हे मला सोसत नाही.

म्हणून दोनच मागण्या. स्वतःच्या बागेतली वाईन करणाऱ्याला लेबलवर ओळखीची खूण द्या. आणि हमरस्त्यापासून त्याच्या फाटकापर्यंत पाट्या लावा. लेबलचं काम उत्पादन शुल्क खात्याचं असेल, तर त्या मंत्र्यांशी तुम्हीच बोला.

जानेवारीत आमच्याकडे शेनिन या वाईनच्या पांढऱ्या द्राक्षाची तोडणी सुरू होईल. आंबटपणा टिकावा म्हणून घड पहाटेच उतरवतो. तेव्हा या, बाग दाखवते.

आपली,
दिंडोरीची एक बागाईतदार